बुरशीवरचे औषध खान्देशातच मिळू द्या

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार.

महोदय, सादर नमस्कार.

जिल्ह्याचा वार्षिक आराखडा तुमच्यासमोर येतो तेव्हा त्यात रस्ते असतात, बंधारे असतात, शाळाखोल्या असतात. आरोग्याच्या पानावर रुग्णवाहिका, यंत्रसामग्री, इमारतींची डागडुजी असते. त्या पानावर यंदा एक ओळ वाढवा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशा माणसाला बुरशीचा जीवघेणा संसर्ग झाला, तर त्याचे औषध त्याला त्याच दिवशी आपल्या तीन जिल्ह्यांतच मिळाले पाहिजे. त्यासाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबारने मिळून एक कायमचा साठा ठेवावा.

मी फार्मासिस्ट आहे. आधी रुग्णालयाच्या औषध विभागात होते, आता भुसावळला स्वतःचे मेडिकल चालवते. निदान करणे, उपचार ठरवणे हे माझे काम नाही. पण वॉर्डातून चिठ्ठी घेऊन धावत आलेला नातेवाईक आधी माझ्यासारखीच्याच काउंटरवर येतो. चिठ्ठीवर लिहिलेले असते: लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी, 50 मिलिग्रॅम, 42 व्हायल. हे बुरशीवरचे इंजेक्शन, आणि व्हायल म्हणजे त्याची छोटी बाटली. तो विचारतो, मिळेल का? मग मी जळगावच्या, नाशिकच्या घाऊक विक्रेत्यांना फोन लावते. कुणाकडे चार असतात, कुणाकडे उद्या येणार असतात. एका व्हायलची किंमत काही हजारांत असते, आणि ती ऐकल्यावर समोरचा माणूस क्षणभर काही बोलतच नाही. मग म्हणतो, "ताई, इतला पैसा कथाईन लयसूत?" (एवढे पैसे कुठून आणू?) या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

2021 चा उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग म्युकरमायकोसिस आला आणि काळी बुरशी हा शब्द घराघरांत गेला. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंद करण्याजोगा ठरवायला सांगितले. जूनअखेर देशात 40,000 हून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. अ‍ॅम्फोटेरिसिनचा इतका तुटवडा होता की केंद्र सरकार राज्यांना व्हायल मोजून वाटत होते, आणि जून 2021 मध्ये जीएसटी परिषदेला या औषधावरचा कर शून्यावर आणावा लागला. लाट ओसरली आणि त्या औषधाची चर्चाही थांबली. पण बुरशी कोरोनाच्या आधीपासून इथे होती आणि आजही आहे. तिला लागणारी माणसेही आहेत: शुगर हाताबाहेर गेलेले, गुडघेदुखीसाठी कुणीतरी दिलेल्या पुड्यांतून नकळत महिनोन्‌महिने स्टिरॉइड खाल्लेले, केमोथेरपी चालू असलेले, किडनी बदललेले, एचआयव्हीसह जगणारे.

म्युकरच्या बुरशीचे बीजाणू मातीत, सडक्या फळांत, शेणखतात, हवेत सगळीकडे असतात. धडधाकट माणसाच्या नाकात गेले तरी शरीर त्यांची वाट लावते. शुगर खूप वाढून रक्तात आम्ल साचले, की शरीराने बांधून ठेवलेले लोह मोकळे होते आणि त्या लोहावर ही बुरशी पोसते. नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूत. वाटेतल्या रक्तवाहिन्यांमध्ये ती वाढते, रक्त अडते, तेवढा भाग मरतो आणि काळा पडतो. मेलेल्या भागात रक्त पोहोचत नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. त्यामुळे नुसत्या इंजेक्शनाने भागत नाही. कान-नाक-घशाच्या सर्जनला तो भाग काढावा लागतो, शुगर आटोक्यात आणावी लागते आणि अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू करावे लागते, तिन्ही एकाच वेळी.

हिशेब मांडून दाखवते. मात्रा साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम असते. 60 किलोच्या माणसाला रोज 300 मिलिग्रॅम, म्हणजे 6 व्हायल. आठवड्याला 42. उपचार चार आठवडे चालला तर 168, आणि पुष्कळदा तो त्याहून लांबतो. हे ओझे एका शेतमजुराच्या घराने पेलावे अशी अपेक्षा आपण कशी करतो?

आणि यात सगळ्यात महाग पडते ती वाया गेलेली वेळ. रक्ताच्या कर्करोगाच्या म्युकर झालेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू व्हायला 6 दिवस किंवा त्याहून जास्त उशीर झाला त्या गटात 12 आठवड्यांत सुमारे 83 टक्के रुग्ण दगावले. ज्यांना लवकर मिळाले त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 49 टक्के होते. आता आपल्याकडचे सहा दिवस कसे जातात ते बघा. गाल दुखतो, एका बाजूचे दात हलतात, तर माणूस दातांच्या डॉक्टरकडे जातो. दोन दिवस गेले. डोळा सुजतो, एकाचे दोन दिसतात, म्हणून तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तिथून सिव्हिल, सिव्हिलमधून पुढची चिठ्ठी. धडगाव किंवा मोलगीच्या पाड्यावरचा माणूस नंदुरबारला पोहोचेपर्यंतच दमलेला असतो, आणि मग त्याला सुरतेची गाडी दाखवली जाते. जळगावच्या माणसाला मुंबई, रेल्वेने 400 किलोमीटरच्या वर. त्या प्रवासात बुरशी थांबत नाही. पहिला डोस इथे मिळाला आणि मग त्याला पुढे पाठवले, तरी वाचण्याची शक्यता वाढेल.

पहिला डोस द्यायचा तर आधी बुरशी आहे का आणि कोणती, हे कळायला हवे. यासाठी कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. नाकातून काढलेला तुकडा काचपट्टीवर ठेवायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले दिसतात. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे बारीक, पडदे असलेले, तिरक्या कोनात फुटलेले. नमुना हाती आल्यापासून पाऊण-एक तासात पहिला अंदाज देता येतो. सूक्ष्मदर्शक तर टी.बी.च्या थुंकी तपासणीसाठी आपल्याकडे तालुक्यातालुक्याला आहेत. हवे आहे ते बघणाऱ्या डोळ्यांचे प्रशिक्षण आणि रविवारीही स्लाइड बघितली जाईल अशी व्यवस्था. हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण औषधे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल पहिल्या पसंतीचे. 2002 च्या मोठ्या चाचणीत ते घेतलेले 71 टक्के रुग्ण 12 आठवड्यांनंतर हयात होते, जुन्या, लायपोसोमल नसलेल्या अ‍ॅम्फोटेरिसिनवरचे 58 टक्के. पण तेच व्होरिकोनॅझोल म्युकरवर काहीच करत नाही. फ्लुकोनॅझोलही करत नाही. "बुरशीची गोळी चालू आहे" या भरवशावर राहून डोळा गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता एचआयव्हीकडे येते. इथे सर्वात कमी पैशांत सर्वात जास्त जीव वाचवता येतात, असे माझे ठाम मत आहे. उपचार अर्धवट सुटलेल्या किंवा फार उशिरा निदान झालेल्या रुग्णाच्या सीडी-4 पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, 200 च्या, त्यातही 100 च्या खाली गेल्या, की क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. आठवडा-दोन आठवडे डोके दुखत राहते, ताप असतो, उलट्या होतात, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. घरचे म्हणतात बाहेरचे काही झाले, कुणी अंगारा आणते. उपचार न मिळाल्यास हा मेंदूज्वर जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

यावरचा उपचार 2022 साली पार बदलला. आधी एक-दोन आठवडे रोज अ‍ॅम्फोटेरिसिनची सलाईन लावावी लागे, किडनीवर ताण येई, पोटॅशियम घसरे. बोट्सवाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या पाच देशांत झालेल्या चाचणीने दाखवले, की लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, किलोमागे 10 मिलिग्रॅम, आणि सोबत 14 दिवस फ्लुसायटोसीन व फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, हे आधीच्या पद्धतीइतकेच गुणकारी आहे आणि त्रासही कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ही पद्धत शिफारस म्हणून स्वीकारली. आजाराने खंगून 45 किलोवर आलेल्या रुग्णाचा हिशेब असा: अ‍ॅम्फोटेरिसिनच्या 9 व्हायल, एकदाच. फ्लुसायटोसीनच्या 500 मिलिग्रॅमच्या रोज 9 गोळ्या, म्हणजे 14 दिवसांच्या 126. फ्लुकोनॅझोल रोज 1200 मिलिग्रॅम, म्हणजे 200 च्या 84 गोळ्या. हे सगळे बुटाच्या एका खोक्यात मावते. साठा ठेवायला जागा नाही, हे कारण इथे चालणार नाही.

फ्लुसायटोसीन हे नाव आपल्याकडच्या मेडिकलवाल्यांनाही क्वचितच माहीत असते. 1957 साली तयार झालेले, पेटंटच्या कटकटीतून केव्हाच सुटलेले हे औषध जागतिक आवश्यक औषधांच्या यादीत आहे. एखाद्या तालुक्याच्या दुकानदाराने वर्षातून एखादाच रुग्ण येईल म्हणून ते मागवून ठेवावे, असे मी म्हणणार नाही. त्याला ते परवडत नाही, आणि घाऊक विक्रेता आठ-दहा पाकिटांसाठी हलत नाही. म्हणूनच खरेदी सरकारकडून व्हायला हवी.

त्याहून स्वस्त गोष्ट म्हणजे मेंदूज्वर होण्याआधीच बुरशी पकडणे. क्रिप्टोकॉकसच्या अँटीजेनची, म्हणजे रक्तात उतरलेल्या त्याच्या अंशाची, पट्टी गर्भधारणा चाचणीच्या पट्टीसारखीच असते. रक्ताचा थेंब, दहा मिनिटे, दोन रेषा. सीडी-4 कमी असलेल्या प्रत्येकाची ही चाचणी एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात व्हावी. पट्टी पॉझिटिव्ह आली आणि पाठीतून काढलेल्या पाण्यात बुरशी नसली, तर नुसत्या फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांनी पुढचा अनर्थ टळू शकतो. पाण्यात बुरशी निघालीच, तर एक गोष्ट डॉक्टरांना ठाऊक असते पण घरच्यांना कुणी समजावत नाही: मेंदूवरचा दाब उतरवण्यासाठी पाठीतून पाणी पुन्हापुन्हा काढावे लागते. घरचे घाबरतात आणि नकार देतात. आपल्या बोलीत, अहिराणीत, पावरीत, भिलीत समजावणारे कुणी तिथे असेल, तर हा नकार कितीतरी वेळा टळेल. एआरटीच्या गोळ्याही या रुग्णांत लगेच सुरू करत नाहीत, चार ते सहा आठवडे थांबतात, नाहीतर जागी होणारी प्रतिकारशक्तीच मेंदूत सूज आणते. हेही समजावून सांगावे लागते. नाहीतर रुग्णाला वाटते की आपल्याला औषधच नाकारले.

टी.बी.बद्दलही लिहायला हवे, विशेषतः नंदुरबारच्या समितीसाठी. टी.बी. बरा होतो पण फुप्फुसात पोकळी राहते, आणि तिथे अ‍ॅस्परजिलस बस्तान बसवते. काही महिन्यांनी पुन्हा खोकला, वजन घटणे, थुंकीत रक्त. थुंकीत टी.बी.चे जंतू सापडत नाहीत, तरी पुष्कळदा टी.बी.चाच कोर्स पुन्हा सुरू होतो. अशा रुग्णाला इट्राकोनॅझोल हे बुरशीचे औषध निदान सहा महिने लागते. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या चाचणीत तर 12 महिने दिल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण कमी झाले. आणि इथेच एक फार वाईट गाठ बसते. टी.बी.चे रिफॅम्पिसिन चालू असताना इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल दिले, तर यकृत त्या गोळ्यांचा इतक्या झपाट्याने निकाल लावते की रक्तात औषध उरतच नाही. रुग्ण पैसे मोजून गोळ्या खात राहतो आणि बुरशी वाढत राहते.

अशा गाठी आणखी आहेत. फ्लुकोनॅझोलसोबत शुगरची ग्लिमेपिराइड गोळी चालू असेल तर शुगर एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो. किडनी बदललेल्या रुग्णाला व्होरिकोनॅझोल सुरू केले आणि बदललेली किडनी टिकवण्यासाठी दिलेल्या टॅक्रोलिमसची मात्रा कमी केली नाही, तर ते विषासारखे चढते. व्होरिकोनॅझोलवरच्या माणसाची त्वचा उन्हात भाजते, आणि ऊन म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, अ‍ॅसिडिटीच्या गोळीसोबत नाही. व्होरिकोनॅझोल उलट रिकाम्या पोटी. अ‍ॅम्फोटेरिसिन पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचे, सलाईनमध्ये टाकले तर त्याचा साका होतो. पण किडनी वाचवण्यासाठी आधी सलाईनची बाटली वेगळी चढवायची. हे सगळे पुस्तकात आहे. रात्री दोन वाजता एकटी नर्स तीस रुग्ण सांभाळत असताना ते तिच्या हाताशी हवे, मराठीत, भिंतीवर लावलेले. आणि वॉर्डात फिरून गोळ्यांची यादी तपासणारा फार्मासिस्ट हवा. आम्ही फक्त गोळ्या मोजून द्यायला शिकलो नाही.

जळगावच्या समितीला एक वेगळी विनंती. रावेर-यावलच्या केळीवर करपा येतो तेव्हा प्रोपिकोनॅझोलची फवारणी होते. केळी टिकवायची तर शेतकऱ्याला ती करावी लागते, यात त्याचा काही दोष नाही. पण प्रोपिकोनॅझोल आणि आपण रुग्णाला देतो ते व्होरिकोनॅझोल एकाच घराण्यातली औषधे आहेत. नेदरलँड्समध्ये शेतातल्या अशा फवारणीशी जोडलेली, औषधाला दाद न देणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी सापडली, आणि भारतातही तशी बुरशी नोंदवली गेली आहे. जळगावात केळी संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिघांनी मिळून बागांतली माती आणि रुग्णांचे नमुने तपासावेत. खर्च थोडा आहे, आणि उत्तर केळी पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला सगळ्यांच्या आधी हवे.

आता तुमचे अधिकारी जे म्हणतील त्याबद्दल. ते म्हणतील, महागडे औषध पडून राहील, मुदत संपेल, लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. ही भीती खरी आहे, मी स्वतः दुकान चालवते. म्हणूनच तीन वेगळे साठे मागत नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिघांत मिळून एकच साठा, एकच नोंदवही, संगणकावर तिघांना दिसणारी. मुख्य साठा एका ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या तीन दिवसांपुरत्या व्हायल. मुदत संपायला सहा महिने उरले की ते औषध जिथे रुग्ण आहे तिथे आधी हलवायचे. तरीही उरले तर नाशिक किंवा संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयाला देऊन बदल्यात नवे घ्यायचे. खरेदी राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत होऊ शकते. तोवरचा पहिला साठा नियोजन समितीच्या निधीतून आणि नंदुरबारपुरता आदिवासी उपयोजनेतून. साठवणीला फ्रीज, तापमानाची नोंद आणि वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर लागेल. ब्रँडनुसार कुठे 2 ते 8 अंश, कुठे 25 अंशांच्या आत असे बंधन असते, आणि भुसावळच्या उन्हाळ्यात बंद खोलीतले तापमान काय होते हे सांगायला नको.

ते असेही म्हणतील की महात्मा फुले योजना आहेच. आहे, आणि तिचे मोल मी जाणते. 2021 मध्ये म्युकरचा त्यात समावेश झाला, पुढे विम्याची मर्यादा 1.5 लाखावरून 5 लाखांवर गेली. पण ती योजना झालेला खर्च भरून देते; रात्री लागणारी व्हायल गावात आणून ठेवणे तिच्या आवाक्यातले नाही. शिवाय घरी सोडल्यावर अनेक आठवडे घ्यायच्या गोळ्यांशी, पॉसाकोनॅझोलशी, इट्राकोनॅझोलशी पुष्कळ रुग्णांची गाठ रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडते. तिथेच उपचार सुटतो. या गोळ्याही त्याच साठ्यातून, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासून दिल्या जाव्यात.

जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, महाविद्यालय वैद्यकीय शिक्षणाकडे, एआरटी केंद्र एड्स नियंत्रणाकडे, टी.बी. आणखी वेगळीकडे. बुरशी झालेला माणूस या चौघांच्या मधोमध उभा असतो. चौघांनाही एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार जिल्ह्यात तुमच्याइतका कुणाचा नाही. पुढच्या बैठकीला तिन्ही अधिष्ठाते, तिन्ही जिल्हा शल्यचिकित्सक, एआरटी आणि टी.बी.चे अधिकारी यांना एकत्र बोलवा आणि आकडा ठरवा. साठ्याचा अंदाज, औषधांची यादी, मुदतीचा तक्ता आणि वॉर्डात लावायच्या मराठी सूचना मी आणि माझे काही सहकारी तयार करून देऊ, कोणताही मोबदला न घेता.

त्या बैठकीत एक बारीक गोष्ट तेवढी लेखी ठरवून घ्या: रात्री आणि सुटीच्या दिवशी त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असेल, आणि वरिष्ठांच्या सहीची वाट न पाहता पहिला डोस काढून देण्याचा अधिकार कुणाला असेल.

आपली नम्र,
एक फार्मासिस्ट,
भुसावळ, जि. जळगाव